दिसते का, आक्का?

नागपूर, १२ जुलै १९४९

ती. आक्कास,
नारायणाचं दंडवत.

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणू की दवंडी? एका ओळीत चार शब्द आणि एकेक अक्षर चिंचोक्याएवढं. तीन पानं उलटली तेव्हा कुठे ‘पाऊस बरा आहे’ इथवर पोचलो. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना माझ्या खांद्यावरून डोकावावं लागलं नाही, ते आपल्या खाटेवर बसूनच वाचत होते.

बातमी अशी की यंदापासून मेडिकल कॉलेजात नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवण्याचा वर्ग माझ्याकडे दिला आहे. विद्यापीठाचा मास्तर झालो, आता तरी चारचौघांत नारू म्हणू नकोस. अकरा विद्यार्थी आहेत. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, ‘रोग्याला दिसते का, असे कधीही विचारू नये.’ आपला माणूस भिडस्त. साहेबानं ‘दिसते का’ म्हटलं की तो ‘दिसते की’ म्हणणार, नाही म्हटलं तर साहेबाला वाईट वाटेल ना! म्हणून काय दिसते ते विचारायचं आणि गप्प बसायचं.

आमचा चपराशी उकंडराव. त्याची नजर अधू आहे हे कळलं तर नोकरी जाईल, या भीतीनं त्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रोज झाडू मारता मारता पाठ केलेला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि तक्ता फिरवून कोरी बाजू पुढे केली. पठ्ठ्यानं कोरी बाजूही घडाघडा वाचली. पोरं हसून लोळली. त्याला चष्मा करून दिला, नोकरी शाबूत आहे.

पहिल्या परीक्षेत मात्र तिघं नापास झाले. आणि हो, लोणचं पाठवू नकोस. मागची बरणी अजून अर्धी आहे.

तुझा,
नारायण

*

देऊळगाव राजा, २ ऑगस्ट १९४९

चि. नारूले आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तू लिहितं का कागदावर मुंग्या सोडतं रे? सरकारची नोकरी, अन् कागद वाचवतं. माहं अक्षर मोठं हाय, कारन माहं मन मोठं हाय.

तुहे तीन पोट्टे परीक्षेत चमकले, लय बरं वाटलं. त्याईले माह्याकडून पेढे दे. उकंडरावानं घडाघडा वाचलं म्हणतं, असा विद्वान माणूस तुले भेटला त त्याच्या पाया पडत जाय. अन् लोणचं मागतलं म्हणून बरणी भरून पाठवून राह्यली.

आपल्या शेजारची तानुबाई सध्या जमिनीवर नाई. तिची रुख्मिणी, लोणारले देलेली, पयल्या खेपेची हाय. तू शहरातला झाला, इसरला असशीन म्हणून सांगते. सासरहून सांगावा आल्याबिगर माहेरचा मुराळी पोरीले आणाले जात नाई, अन् मुराळी आल्याबिगर सासरचे तिले धाडत नाई. त्यातून आठवा महिना लागला का गावाची शीव ओलांडायची नाई. म्हणजे येळ चुकली का पोरगी बाळंतपणाले तिकडंच राह्यली. तानुबाई दिवसातून दोन खेपा इचारते, लोणारचं पत्र आलं का?

आलं त वाचणार कोन? मीच. या माळीपुऱ्यात पोस्टमन पयले माह्या दारी येते, मंग ज्याचं पत्र त्याच्या दारी. तुहे भाऊजी गेल्यावर एकट्या बाईले या गल्लीनं जो मान देला तो या वाचण्यापायी, हे मी इसरत नाई. रुख्मिणीले बी मीच लिहाले शिकवलं. बारीक लिहायचं, कागद फुकट घालवायचा नाई, हे बी मीच शिकवलं.

तुही,
आक्का

*

नागपूर, १६ ऑगस्ट १९४९

ती. आक्कास दंडवत.

कळली हो तुझी थट्टा. नापास पोरांना पेढे! उकंडरावाच्या पाया पडू! ‘पाठवू नको’ म्हटलं तर ‘मागतलं म्हणून पाठवते’! लहानपणी तूच म्हणायचीस की नाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. आता तोच नाऱ्या साऱ्या प्रांताच्या नजरा तपासतो, हे तुझ्या पचनी पडत नाही, म्हणून माझं प्रत्येक वाक्य उलटं करून परत पाठवतेस. पाठव. मी कुठे चिडतो?

लोणच्याची बरणी वाटेत फुटली. माझ्याबरोबर प्रिन्सिपॉलसाहेबांचीही पत्रं पिवळी झाली. त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं आता गेली नोकरी, तर ते म्हणाले, मसाला घरचा आहे का?

रुख्मिणीचं वाचून आनंद झाला. एवढीशी होती, माझ्या दौतीत बोटं बुडवायची. पत्र आलं की मला कळव.

तुझा,
नारायण

*

देऊळगाव राजा, २७ ऑगस्ट १९४९

चि. नारूले आशीर्वाद.

पोळा बरा झाला. रुख्मिणीच्या बापाचा, रामरावाचा बैल तोरणाखालून भलतीकडंच पळाला, मारुतीच्या देवळात घुसला. रामराव म्हणे, नवस होता त्याचा.

रुख्मिणीचं पत्र आलं! दोन ताव, दोन्ही अंगांनी भरलेले. मी तानुबाईच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं, गल्लीतल्या अकरा बायका ऐकाले होत्या. पोरीचं सगळं खुशाल हाय. सासू जीव लावते. घाई करू नका, दिवाळीच्या नंतर सावकाश कळवते, तवा मुराळी धाडा, असं हाय. तानुबाई ऐकून रडली, मंग म्हणे अजून एक डाव वाच. म्हणून अजून वाचलं. ते भोळी म्हणे, आक्का, मघाशी गाईचं नव्हतं, आता गाय कुठून आली? मी म्हटलं, मघाशी तू रडून राह्यली होती, तुले ऐकूच नाई आलं.

रामरावानं दिवाळीनंतरचं ठरवलं.

आजकाल कंदिलाचं रॉकेल चांगलं येत नाई, उजेड पडत नाई. तुह्या नागपुरात बी असंच हाय का?

तुही,
आक्का

*

नागपूर, ९ सप्टेंबर १९४९

आक्का,

आज दंडवत राहू दे. आज तुझ्यासारखंच मोठं अक्षर काढतो आहे.

खेड्यातला माणूस डॉक्टरशी कसा बोलेल हे पोरांना कळावं म्हणून तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. वर्गात एकच मुलगी आहे, अन्नपूर्णा, ती हसली नाही. तिनं पत्र हातात मागितलं, आधीची पत्रं आहेत का विचारलं. मी ऐटीत दिली. तिनं ती ओळीनं टेबलावर मांडली आणि म्हणाली, सर, या बाईंचं वय पन्नाशीच्या आत-बाहेर असेल. अक्षर दर पत्राला मोठं होतंय. उजेडाबद्दल तक्रार आहे. तुमच्या पत्राला उत्तर आहे, पण तुम्ही लिहिलंय त्याला नाही. यांना जवळचं दिसत नाही. इतकं साधं आहे.

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, ती माझी बहीण आहे, थट्टेखोर आहे, तुला काय कळतं! आणि खोलीवर येऊन तुझी सगळी पत्रं परत काढली. आक्का, मी या विषयाचा मास्तर आहे, पगार घेतो आणि दोन महिने हसत बसलो.

पोरांना जे कधी विचारू नका म्हणतो तेच आता मी विचारतो, कारण मला दुसरं सुचत नाही. दिसते का, आक्का?

चाळिशी सगळ्यांनाच लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नारू

*

देऊळगाव राजा, १७ सप्टेंबर १९४९

चि. नारूले आशीर्वाद.

दिसते.

चांगलं दिसते. वावरात उभी राह्यली त बालाजीच्या देवळाचा कळस दिसते, त्याच्यावर बसलेला कावळा बी दिसते. तुह्या त्या पोरीले सांग, एवढं शिकली त दुसऱ्याच्या घरची पत्रं वाचू नये.

एक काम हाय. रुख्मिणीचं अजून एक पत्र आलं. पयलं अन् हे, दोन्ही यासोबत धाडून राह्यली. तुह्या वर्गाची परीक्षा घे. एवढं बारीक अक्षर तुह्या पोट्ट्याईले वाचता येते का पाह्य. अन् त्याईनं बरोबर वाचलं का नाई ते मले तपासता यावं, म्हणून सगळं मोठ्या अक्षरात उतरून लवकर धाड. लवकर.

तानुबाईले मी सांगतलं, पितृपक्ष हाय, शुभाचं पत्र या पंधरवड्यात वाचू नये. असं शास्त्र कुठंच नाई, पण ते मानली. रोज येऊन बसते अन् पत्राच्या पाकिटावरून हात फिरवते. पाकीट रिकामं हाय हे तिले ठाऊक नाई.

नारू, मले दोन दिवसांपासून अन्न गोड लागून नाई राह्यलं.

आक्का

*

नागपूर, २० सप्टेंबर १९४९

आक्का,

तार करणार होतो. पण तार आली की माळीपुऱ्यात आधी रडारड होईल, मग कोणी वाचेल. म्हणून पत्रच टाकतो. हे सगळं कामधाम सोडून वाच.

पहिलं पत्र लांब आहे, त्यातलं कामाचं तेवढं आधी उतरवतो. रुख्मिणी लिहिते:

‘आई, इकडं गाईले कालवड झाली. माही तब्येत बरी हाय. सासूबाई म्हणते बाळंतपण इथंच करू, पण मामंजी म्हणते, दसऱ्याच्या आत मुराळी आला त धाडू. दसरा झाला का मले आठवा लागते, मंग शीव ओलांडू देणार नाई. म्हणून बाबाले लवकर धाड.’

त्याच्या खाली, आणखी बारीक अक्षरात, तुझ्यासाठी आहे:

‘आक्का, हे पुढचं आईले वाचून दाखवू नको. मले लय भेव वाटते. माही जाऊ पयल्याच बाळंतपणात गेली, ते याच खोलीत. आईले कळलं त ते जीव टाकीन. तू फक्त बाबाले लवकर धाड. तू हाय म्हणून मी बिनघोर हाय.’

दुसऱ्या पत्रात तीन ओळी आहेत. ‘आई, माहं काही चुकलं का? गाठोडं बांधून ठेवलं. रोज रस्त्याकडं पाह्यते.’

दसरा दोन ऑक्टोबरला आहे. तुझ्यावर रागावायला मला तोंड नाही. पत्र मिळेल त्या घडीला निघा.

पार्सलानं रुख्मिणीची दोन्ही पत्रं, तीन चष्मे आणि एक कागद पाठवतो आहे, पण त्यांच्यासाठी थांबू नकोस.

नारू

*

देऊळगाव राजा, ३ ऑक्टोबर १९४९

चि. नारूले आशीर्वाद.

तुहं पत्र गुरुवारी भेटलं, सर्वपित्रीच्या अमावस्येले. अमावस्येले कोनी घराबाहेर निघते का? आम्ही निघालो.

पयले तानुबाईच्या ओट्यावर गेली. सगळ्या जणी होत्या. दारातूनच सांगतलं, मले जवळचं दिसत नाई. रुख्मिणीचं पत्र मी वाचलंच नाई, मनानं सांगतलं. पोरगी दसऱ्याच्या आत बोलावते. ते तिचं बारीक अक्षरातलं मात्र पोटातच ठेवलं. मंग एक जण म्हणे, आक्का, मंग माह्या भावाचं पत्र? मी म्हटलं, ते बी काढून ठेव. तानुबाईनं चुलीवरचं उतरवलं, पदर सारखा केला अन् म्हणे, चाला.

रामराव, तानुबाई अन् मी. शिंदखेडपर्यंत मोटार, पुढं छकडा. तानुबाई रस्ताभर माह्याशी एक शब्द बोलली नाई. तिनं शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं.

लोणारले रुख्मिणी दारातच होती. चेहरा पार उतरलेला. आईच्या गळ्यात पडली, मंग माह्याकडं पाह्यलं अन् एवढंच म्हणे, ‘आक्का, मी त तुलेच लिहिलं होतं.’

नारू, मी त्या पोरीसमोर मान वर करू शकली नाई.

तिची सासू तयारच नव्हती. म्हणे, आठवा लागाले आता दिवस किती राह्यले, आता कायले नेता? अन् कसली पोरगी देली, डाळीत खडे ठेवते, मले जेवताना दाताखाली येते. मी तिच्याकडं पाह्यलं. माह्याएवढीच बाई. मले तुहं आठवलं, दिसते का म्हणून इचारायचं नाई. मी म्हटलं, ताई, माह्या पिशवीचा बंद तुटला, जरा सुई ओवून द्या. तिनं सुई घेतली, उजेडात गेली, दोरा ओला केला, चार डाव केलं. दोरा बाहेरूनच जाये. मंग माह्या हाती देली. मले बी जमलं नाई. दोघी म्हाताऱ्या दारात उभ्या, एक सुई अन् एक दोरा. रुख्मिणीनं आमच्या हातातून सुई घेतली अन् एका झटक्यात ओवली.

सासू हसली. मले बी हसू आलं, पण डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, ताई, डाळ कोन निवडते? म्हणे, मीच. मी म्हटलं, मंग खडे पोरीचे नाई, आपल्या चाळिशीचे हाय. मी बी असंच केलं, म्हणून हे पोरगी इतके दिवस रस्त्याकडं पाह्यत बसली. माहा भाऊ नागपुरात या डोळ्याचाच मास्तर हाय, तुमच्यासाठी बी चष्मा धाडन.

मंग ते म्हणे, ‘चष्मा पक्का ना? मंग घेऊन जा पोरीले.’

आता माही लाज तुह्या हाती हाय. रुख्मिणी इथं आली, काल दसऱ्याचं सोनं घेऊन माह्या पाया पडाले आली होती. तानुबाई अजून बोलत नाई, पण आज भाजीची टोपली दारात ठेवून गेली.

आक्का

*

नागपूर, १२ ऑक्टोबर १९४९

ती. आक्कास दंडवत.

लोणारचा चष्मा निघाला. नंबर अंदाजानं काढला, तिच्या वयाचा आणि सुईचा हिशोब धरून. अकरा वर्षं शिकून आणि शिकवून मी जे करतो ते तू एका सुईनं केलंस. तुझी ती युक्ती मी पोरांच्या वह्यांत लिहून दिली. विद्यापीठाच्या कमिटीचे लोक वर्ग पाहायला आले होते, त्यांनी विचारलं ही पद्धत कुठली. मी म्हटलं, लोणारची. त्यांनी मान डोलावली आणि वर्ग पुढच्या सालीही चालू ठेवला.

आता तुझी परीक्षा. तीन चष्मे मिळाले असतील. सोबतच्या कागदावर ओळी आहेत, वरून खाली बारीक होत जाणाऱ्या. ‘दिसते’ असं उत्तर लिहून पाठवलंस तर नापास करीन. कोणत्या चष्म्यानं शेवटची ओळ वाचता आली आणि त्या ओळीत काय आहे, ते लिही.

अन्नपूर्णा तुला नमस्कार सांगते. मी तिची माफी मागितली.

नारू

*

देऊळगाव राजा, ११ डिसेंबर १९४९

चि. नारूले आशीर्वाद.

अक्षर पाह्य. एका पोस्टकार्डात आख्खं पत्र बसवून राह्यली. तुले वाचता नाई आलं त उकंडरावाले बोलाव.

परीक्षेचं उत्तर. पयल्या चष्म्यानं शेवटची ओळ दिसली नाई. तिसऱ्यानं दिसली, पण डोकं दुखलं. मधल्यानं बरोबर दिसली. तिच्यात लिहिलं हाय, ‘आक्का, नारूला पायाखालचं अजून दिसत नाही.’ हे त मले चष्म्याबिगर बी ठाऊक होतं.

चष्मा लावून तुही सगळी जुनी पत्रं पयल्यापासून वाचली. नापास पोट्ट्याईले पेढे धाडले मी! तू चिडला कसा नाई रे? अन् लोणचं नको होतं त त्या प्रिन्सिपॉलाले देऊन टाकायचं. त्याच्यासाठी बरणी धाडून राह्यली, या डाव कथलाची, म्हणजे फुटणार नाई.

रुख्मिणीले दोन हप्त्यामागं पोरगी झाली. दोघी सुखरूप. लोणारहून सासू आली होती पाह्याले, नाकावर चष्मा. पोरीच्या बारशाचे गहू तिनं सोता निवडले अन् साऱ्या गल्लीले परात दाखवत फिरली, एक खडा दाखवा म्हणे.

काल तानुबाई माह्या दारी आली. हातात ते पयलं पत्र. म्हणे, आक्का, हे मले अजून कोनी वाचूनच नाई दाखवलं. वाच.

आम्ही तिच्या ओट्यावर बसलो. रुख्मिणी उंबऱ्याशी पोरीले मांडीवर घेऊन होती. बायका बी जमल्या. मी चष्मा लावला. गल्लीनं मले चष्म्यात पयल्यांदाच पाह्यलं, पण कोनी हसलं नाई. मी वाचलं. गाईले कालवड झाली ते वाचलं. तानुबाई म्हणे, म्हणजे गाय खरीच होती! सासूचं, मामंजीचं, दसऱ्याचं, सगळं वाचलं. मंग ते बारीक अक्षर आलं. ‘आक्का, हे पुढचं आईले वाचून दाखवू नको.’

रुख्मिणी माह्याकडं पाह्यत होती.

मी कागदाची घडी केली. तानुबाईनं इचारलं, ‘आज सगळं दिसलं ना, आक्का?’

‘सगळं दिसलं,’ मी म्हटलं.

नारू, त्या डाव ते ओळ दिसली नाई म्हणून वाचली नव्हती. काल दिसली, म्हणून वाचली नाई.

तुही,
आक्का